दहा वर्षांचं दुखणं

प्राचीच्या बाबांना,
सुमनचा नमस्कार.

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. येणार तरी कशी? सानगडीच्या बाजारातलं तुमचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आणि आपलं घर यांत एका हाकेचं अंतर. मी माहेरी गेले तर चौथ्या दिवशी तुम्ही न्यायला दारात उभे. कारण काय, तर "माह्याकडून भात करपते!" आज मात्र लिहायला बसले आहे. एक बातमी आहे आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

विम्याचा निकाल लागला. आपल्या बाजूने लागला हो!

सकाळी मी अंगणात तांदूळ पाखडत होते, तर प्राची मोबाईल घेऊन धावतच आली. विमा लोकपाल साहेबांनी कंपनीला बजावलं आहे की ठरलेली रक्कम पूर्ण द्या. आणि त्यात एक वाक्य आहे, विमाधारकाने कोणतीही माहिती लपवल्याचे सिद्ध होत नाही. विमाधारक म्हणजे तुम्ही. ते वाक्य मी पोरीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. शेवटी ती वैतागली, "आई, मोबाईलले नजर लावशील काय आता?"

पैशाचा आनंद झाला नाही असं सोंग मी आणणार नाही. पोरीचं कॉलेज चालू आहे, भंडाऱ्याला तिची खोली आहे, दुकानाला कुलूप आहे. पैसा लागतोच. पण खरं सांगू? मला त्या एका वाक्याचा जास्त आनंद झाला. का, ते नीट सांगते. तुम्ही गेल्यावर इथे जे रामायण झालं त्यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही.

तो एजंट आठवतो ना, शेतातली जळालेली मोटार भरून घ्यायला आलेला? तांब्याच्या तारेत तुमचे हात गुंतलेले आणि तो बाजूला बसून विम्याचे फायदे सांगत होता. मी म्हटलं होतं, कायले पाहिजे विमा, चांगले धडधाकट आहात! तुम्ही म्हणालात, "राहू दे वो, त्याच्या मुलीची फी भरून होईल." दुसऱ्याच्या मुलीच्या फीसाठी स्वतःच्या मरणाचा विमा काढणारा माणूस मी तुमच्याशिवाय पाहिला नाही. तुम्ही गेलात आणि हाच भला माणूस फोन उचलेना. कधी गाडीवर आहे, कधी मीटिंगमध्ये आहे. नंतर तर त्याचा नंबरच आम्हाला लागेनासा झाला.

मग कंपनीचा माणूस चौकशीला आला. बाजारात फिरून विचारत होता, दारू प्यायचे का, तंबाखू खायचे का, कुठल्या डॉक्टरकडे जायचे. औषधाच्या दुकानातही गेला. लोक त्याला चहा पाजून तुमचं कौतुक सांगत बसले आणि तो आपला कागदावर रेघा मारत बसला. त्यानंतर कागद मागायला सुरुवात. मृत्यूचा दाखला पाठवला, पुन्हा पाठवा. दवाखान्याचे कागद पाठवले, शिक्का पुसट आहे. अंगठा नको सही पाहिजे, सही आहे तर जुळत नाही. साकोलीच्या झेरॉक्सवाल्याला मी आता लांबून ओळखू येते.

आणि एक दिवस नकाराचं पत्र आलं. इंग्रजीत. प्राचीने वाचलं आणि पत्राची घडी घातली. मी म्हटलं, "काय म्हणते व? सांग ना." तर खाली मान घालून म्हणाली, "आई, बाबाले दहा वर्षांपासून छातीचा त्रास होता म्हणे. दवाखान्याच्या कागदावर लिहून हाये. विमा काढताना बाबानं लपवलं म्हणते कंपनी."

दहा वर्षं! माझ्या पायाखालची जमीन सरकली. विमा गेला म्हणून नाही. दहा वर्षं तुमच्या छातीत दुखत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही? दिवाळीची साडी आणली तर आठ दिवस आधी रंग सांगून मोकळे होणारे तुम्ही! तुमच्या पोटात तर काहीच राहायचं नाही. आणि एवढं मोठं दुखणं पोटात राहिलं? ते डॉक्टरला सांगितलंत आणि मला नाही?

तुमच्यावर रागावले मी. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण रागावले. तुमच्या फोटोला हार घालायची, पण डोळ्याला डोळा देत नव्हते. जुने दिवस उकरून काढायचा छंदच लागला. भाताच्या रोवणीच्या वेळी तुम्ही बांधावर हात टेकून उभे होतात, ते दमला होतात म्हणून की दुखत होतं म्हणून? प्राचीच्या शाळेच्या जिन्यावर मध्येच थांबलात, ते का? दुकानाच्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांचं एक पाकीट सापडलं. तशीच औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, हे गॅसची गोळी हाये. भजे खाल्ल्यावर घेऊन जायचे." हसू आलं आणि तिथेच रडूही आलं. तरी मनातला किडा मेला नाही. दवाखान्यातला डॉक्टर कशाला खोटं लिहील?

विचारणार कोणाला? दवाखान्यात तुमच्याजवळ आत होते ते दादा. तुमचे थोरले भाऊ, माझे भासरे. आणि भासऱ्याशी मी बोलत नाही! लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून दादा समोर आले की पदर डोक्यावर, नजर खाली, तोंड बंद. तेही तसेच. मी चुलीपाशी असले तर ते ओसरीतून खाकरायचे. जाऊबाई गेल्यापासून जेवायला आपल्याकडेच असतात, पण त्यांचं ताट मी उंबऱ्यावर ठेवायची आणि बांगड्या वाजवायची, की ते समजायचे. काही हवं असलं तर गोठ्यातल्या गाईला सांगायचे, "गाई, आज वरणात मीठ कमी हाये वाटते."

आमचं टपाल तुम्हीच होतात आणि काय वात्रट टपाल होतं! दादा म्हणायचे मीठ कमी आहे, तुम्ही आत येऊन सांगायचात, "दादा म्हणते, हिच्या माहेरी मीठ महाग हाये काय?" मी चिडून काही बोलले की ते भलतंच करून बाहेर. ओसरीत दादा हसायचे, आत मी हसायची, आणि भिंत आपली मध्ये उभी. तुम्ही गेलात आणि ते टपाल बंद पडलं. प्राची असली तर ठीक, पण ती भंडाऱ्याला. माझ्या बांगड्याही गेल्या. मग ताटावर गिलास आपटून सांगायची की जेवण वाढलं आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशीही तसंच झालं होतं ना? साकोलीच्या दवाखान्यात दादा तुमच्या खाटेपाशी, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात. भंडाऱ्याला न्यायला अँब्युलन्स आली, सोबत एकच जण चालेल म्हणाले, तर दादा चढले आणि मी शेजाऱ्यांच्या गाडीत मागून. लाखनी ओलांडली तेव्हा पुढची गाडी हळू झाली. मी समजले, आता घाई उरली नव्हती. मला कोणी अडवलं नव्हतं हो. दादांनी अडवलं नाही, डॉक्टरांनी नाही. रीतच अशी अंगात मुरलेली की पाय आपोआप मागे राहिले. तुम्हीसुद्धा कधी म्हणाला नाहीत की पुरे करा आता हे. एवढी गंमत करायचात, तर तेवढं एकदा म्हणायचं होतं.

असो. प्राचीने मात्र हार मानली नाही. तुमचीच पोर! बंद पडलेली मोटार तुम्ही खोलून बसायचात तशी ती त्या पत्राला खोलून बसली. आधी कंपनीकडेच तक्रार केली, तिथून तेच उत्तर आलं. मग कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं की विमा लोकपाल म्हणून असतात, तिथे वकील लागत नाही, आपणच अर्ज करायचा. तिने केला. मी सही केली, पण मनात धाकधूक. समजा निघालंच की तुम्ही लपवलं होतं? मग कंपनीसमोर, साहेबासमोर, पोरीसमोर तुमची काय शोभा! एकदा तर म्हटलंही, "राहू दे, नको तो विमा." तर पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. "तुला बी वाटते काय, बाबा खोटं बोलले म्हणून?"

सुनावणी मोबाईलवरच झाली, घरबसल्या. रोवणीचे दिवस, सगळं गाव धानाच्या बांधीत. ओसरीत रेंज बरी येते म्हणून प्राचीने तिथे खाटेवर उशा रचून मोबाईल उभा केला. मी समोर बसले, पोरगी बाजूला. दादा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दोरी वळत होते. मोबाईलच्या एका चौकटीत लोकपाल साहेब, दुसऱ्या चौकटीत कंपनीचे अधिकारी, टाय लावून.

अधिकाऱ्यांनी तेच वाचलं, दहा वर्षांपासून छातीचा त्रास. साहेबांनी मला विचारलं, पेशंटसोबत आत कोण होतं? मी म्हटलं, भासरे होते. "ते आहेत का तिथे? बोलवा त्यांना."

आता आली का पंचाईत! दादा उठून दुरूनच नमस्कार करत उभे राहिले. साहेब म्हणाले, दिसत नाहीत, पुढे या. दादा एक पाऊल पुढे आले, मी तेवढीच मागे सरकले. "बाई, तुम्ही कुठे गेलात? दोघं एकत्र बसा, कॅमेऱ्यात दिसले पाहिजे." प्राचीने ओठ दाबून हसू आवरलं आणि आम्हा दोघांना धरून खाटेवर बसवलं. दादा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, पदर नाकापर्यंत. तुम्ही असतात तर लोळून हसला असतात.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमच्या भावाला छातीचा जुना त्रास होता ना?"

दादा हात जोडून म्हणाले, "हाव जी साहेब."

"दहा वर्षांपासून?"

"हाव जी."

म्हणजे खरंच होतं तर! दादांना माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, एक मीच परकी. मग काय झालं मला कळलं नाही. पदर मागे गेला, मान वळली आणि मी सरळ त्यांच्याकडे बघून बोलले. त्यांना हाक काय मारायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं, कधी मारलीच नव्हती. तुमचाच शब्द तोंडात आला. "दादा! तुमाले मालूम होतं? मंग मले काहून नाही सांगतलं कोणी? त्यायनं मले काहून नाही सांगतलं?"

दादा दचकून खाटेवरून उठलेच. "काय सांगावं, सूनबाई? त्याले त काईच नोता!"

"आत्ता हाव म्हणाले ना तुमी!"

"साहेब इचारून राहिले ना! साहेबाले नाही कसा म्हणाव?"

साहेबांनी दोघांना थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "काका, घाबरू नका. दवाखान्यात डॉक्टरांना दहा वर्षं कोणी सांगितलं?"

"मीनंच सांगतलं जी. डॉक्टरनं इचारलं, कधीपासून दुखते? आता सकायपासून म्हटलं असतं त म्हणाले असते, बसा, गॅस असन. गर्दी होती ना साहेब! म्हणून म्हटलं, दहा वरसं झाले. मोठा रोग सांगतला का डॉक्टर लवकर हात लावते. बैलाच्या डॉक्टरले बी मी असाच सांगतो. बैलानं सकायचा चारा सोडला त म्हणतो, आठ दिवसापासून तोंड लावत नाही."

मला हे माहीत असायला हवं होतं! आपल्याकडे कोण खरं सांगतं दवाखान्यात? साधा ताप आला तरी पंधरा दिवसांचा करून सांगतात. पेशंटबरोबर पाच माणसं जातात आणि जो तो दुखणं वाढवून सांगतो. माया असते ती. ती तशीच कागदावर उतरेल आणि कागद कंपनीत जाईल, हे दादांना कुठून कळणार? कंपनीने का नाकारलं हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

कंपनीचे अधिकारी सोडत नव्हते. म्हणाले, तेव्हा एक सांगितलं, आता एक सांगता, आम्ही कुठलं खरं मानायचं? तर साहेबांनी त्यांनाच विचारलं, दहा वर्षांच्या दुखण्याची एखादी जुनी चिठ्ठी, एखादी तपासणी, एखाद्या डॉक्टरचं नाव, काही आहे का तुमच्याकडे? चौकशी केली ना तुम्ही? अधिकाऱ्यांनी बरंच खालीवर चाळलं. काही नव्हतं. साहेब म्हणाले, निर्णय कळवू, आणि चौकट बंद झाली.

त्या दिवशी दादा जेवेनात. मी ताट ठेवलं, गिलास आपटला, पुन्हा आपटला. ओसरीत पाहिलं तर गुडघ्यांत मान घालून बसलेले. आपल्या तोंडानं भाऊ खोटा ठरला, सूनबाईचा विमा अडला, हे त्यांना तेव्हा कळलं होतं ना! मी ताट उचललं आणि ओसरीत नेऊन त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "दादा, जेवा. विमा भेटो का न भेटो. त्यायनं माह्यापासून काई लपवलं नाही, हे तुमच्यामुळं समजलं मले. मले अजून काई नाही पाहिजे."

दादा घास घेईनात. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, एक निरोप होता त्याचा. गाडीत बोलला. तुमाले सांगाचा राहून गेला. लेकीच्या तोंडी नवऱ्याचा निरोप कसा द्याव?"

मी उंबऱ्यावरच बसले.

"म्हणे, दादा, सुमी अनवाणी आली. तिच्या चपला कोणाले तरी आणाले सांग. उन्हानं पाय भाजतीन तिचे."

अहो, आले होते मी अनवाणी. घाईत घातल्याच नव्हत्या चपला. माझ्यासुद्धा ध्यानात नव्हतं ते! छातीत कळा येत असताना, स्ट्रेचरवर आडवं पडून, तुम्ही व्हरांड्यातल्या माझ्या पायांकडे पाहिलंत? आणि मी इतके महिने तुम्हाला लपवाछपवी करणारा समजत होते. त्या दुपारी मी पोटभर रडले. तुम्ही गेल्यापासूनचं सगळं रडले. दादाही रडले. एकाच ओसरीत, समोरासमोर. मग मी त्यांना गरम भात वाढला आणि ते जेवले.

आणि आज निकाल. बातमी ऐकून दादांनी देवाला साखर ठेवली. मग सगळ्या आळीत सांगत सुटले, "कंपनीवाल्याईचे दहा वकील होते, माह्या सूनबाईनं एकटीनं पाणी पाजलं!" कुठले दहा वकील? एक टायवाला होता बिचारा. पण सांगू दे. माणूस सुधारणार नाही, आणि मला आता त्यांना सुधारायचंही नाही. फक्त दवाखान्यात जायचं झालं तर बोलेन मी.

तुमच्यावर रागावले होते ते विसरा. हार घालताना आज तुमच्या डोळ्यांत नीट बघितलं. काय हसताय फोटोत! किती हलकं वाटतंय म्हणून सांगू? पाठीवरचं पोतं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं.

एक वचन देते तुम्हाला. उद्या प्राचीचं लग्न ठरवायची वेळ येईल. मुलाची नोकरी, शेती, घर हे लोक बघतीलच, दादा तर सगळं दहापट करून सांगतील. मी मात्र एकच चौकशी करीन, त्या घरात सून सगळ्यांशी तोंड उघडून बोलू शकते का? नसेल बोलत, तर मुलगा कलेक्टर असला तरी पोर तिथे देणार नाही. आणि देवाने तुमच्यामाझ्यासारखी वेळ कोणावर आणू नये, पण आलीच, तर माझी लेक नवऱ्याच्या गाडीत बसेल. मागच्या गाडीत नाही.

तुमची,
सुमी